ब्लोस्वेरचं जाकीट

ओस्लो, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय टोरबियोर्ग आत्या,

हाल्व्हदानकाका गेले त्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. नाताळची कार्डं मी धरत नाही. ती माझी बायको म्हणून सीव्ह लिहायची, आणि सीव्ह आता दुसऱ्या घरची कार्डं लिहिते. तर इतक्या वर्षांनी हा भाचा उगवला म्हणजे काहीतरी मागायलाच उगवला असणार, हे तू ओळखलंच असशील. बरोबर ओळखलंस.

मला मे महिन्यात चार दिवस ब्लोस्वेर बेटावर यायचं आहे. छायाचित्रांची एक मोठी स्पर्धा आहे. त्यात 'अस्पर्श उत्तर किनारा' असा एक विभाग आहे. चित्रात माणसाची खूण दिसता कामा नये. घर नको, कुंपण नको, बुटाचा ठसा नको, आणि प्राणी पूर्ण जंगली हवा. गेली चार वर्षं मी स्वालबार्डला जाऊन अस्वलं टिपली, पण अस्वलं आता सगळ्यांकडे आहेत. एका अस्वलासमोर आम्ही सहा जण तिवया रोवून उभे असतो आणि ते बिचारं कोणाकडे बघावं या विचारात पडलेलं असतं. मग मला ज्यांच्या मऊ पिसांसाठी तू बेट राखतेस ती तुझी आयडर बदकं आठवली. अगदी जवळून अंड्यांवर बसलेली आयडर आजवर कोणीच टिपलेली नाही.

मी आठ वर्षांचा असताना तुझ्याकडे आलो होतो तेव्हा माझा रेनकोट पिवळा आहे म्हणून तू मला तीन दिवस घरात कोंडलं होतंस. या वेळी हिरवा तंबू आणीन. आत बसून राहीन. तुला माझा काडीचाही त्रास होणार नाही.

खरं सांगतो, या स्पर्धेत काही मिळालं तर माझं पुस्तक निघेल. नाही मिळालं तर शाळांच्या वर्गांचे फोटो काढायला परत जावं लागेल. पुढची रांग बसलेली, मागची उभी, एकाचे डोळे हमखास मिटलेले.

तुझा,
आइविन


सुंडवोग, २४ फेब्रुवारी १९९६

आइविन,

पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बापासारखं आहे, म्हणजे अर्धं मी अंदाजाने वाचलं. 'चार दिवस' मात्र स्पष्ट वाचता आलं.

चार दिवस काय? ती काय सर्कस आहे? बदकांच्या आधी जो बेटावर असतो तो त्यांच्या लेखी घरातल्या खुर्चीसारखा असतो. नंतर येतो तो चोर. तंबू हिरवा असो नाहीतर सोन्याचा, मे महिन्यात तो तिथे उगवला की सगळ्या उठून जातील, आणि गेल्या की गेल्या. यायचं तर मार्चच्या शेवटी माझ्याबरोबर ये आणि पिल्लं समुद्रात उतरेपर्यंत राहा. नाहीतर अस्वलांकडे जा.

येणार असलास तर ऐक. नवा कपडा आणायचा नाही. कुत्रा नाही, रेडिओ नाही, बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, दार आपटायचं नाही, हातोडा मारायचा नाही. एप्रिलपर्यंत काम भरपूर आहे. शेवाळ किनाऱ्यावरून गोळा करून वाळवायचं आणि त्या अंडी घालतात त्या प्रत्येक खोपट्यात त्याचं अंथरूण करायचं. ब्लोस्वेरला एकशे चार खोपटी आहेत. दगडाची, फळ्यांची, काही उलट्या घातलेल्या फुटक्या होड्यांखाली. गेल्या वर्षी त्यांतली अडुसष्ट भरली.

मी आता त्र्याहत्तरची आहे. शरद ऋतूत मी जिल्ह्याच्या कार्यालयाला लिहिलं, की माझ्यानंतर बेटावर राखणीला कोणीतरी नेमा. त्यांचं उत्तर आलं: 'सदर पक्षी जंगली असल्याने त्यांना राखणदाराची आवश्यकता नाही.' ते पत्र मी जपून ठेवलं आहे. एक वसंत जरी खोपटी सुक्या शेवाळाशिवाय राहिली आणि धुराड्यातून धूर निघाला नाही, तर त्या दुसरीकडे जातात आणि परत येत नाहीत. शेजारच्या फ्लेसा बेटावर तेच झालं. तिथे आता अंडी खाणारी मिंक जनावरं आहेत आणि वारा आहे.

हे मी आपलं सहज सांगितलं. मला तुझ्याकडून काही नको.

टोरबियोर्ग


ओस्लो, १० मार्च १९९६

प्रिय आत्या,

येतो. तीन महिने म्हणजे जरा जास्तच होतात, पण ओस्लोत माझी वाट बघणारं कोणी नाही. घरमालक बघतो, पण त्याची गोष्ट वेगळी.

एक आनंदाची बातमी. खास पक्षी टिपणाऱ्यांसाठी बनवलेलं एक जाकीट मिळालं. कापड अजिबात सळसळत नाही, रंग खडकासारखा, खिसे एकोणीस. अगदी नवं कोरं आहे. पण त्यातला माणूस पक्ष्यांना दिसतच नाही असं दुकानदार शपथेवर सांगतो.

पंचवीस तारखेला पोहोचतो.

आइविन


ब्लोस्वेर, १८ मे १९९६

प्रिय आत्या,

सात आठवडे एका स्वयंपाकघरात राहून आपण जेवढं बोललो नाही तेवढं आता पत्रात लिहावं लागणार असं दिसतं. तू बोलू द्यायची नाहीस. 'हळू' म्हणायचीस तेही हळू.

रविवारी ओल्या शेवाळावरून तुझा पाय सरकला तेव्हा मी खिडकीत कॅमेरा लावून बसलो होतो. तू पडताना ओरडली नाहीस. मला वाटलं, वाकून अंडी बघते आहेस. पाच मिनिटं मी तशीच वाट बघितली. याबद्दल माफी मागायची राहून गेली होती.

होडीवाला पेदर वल्ही मारत आला, आम्ही तुला फळीवरून होडीत घातलं, आणि अख्ख्या वेळात तू एकच शब्द बोललीस. अंगातलं ते तपकिरी जाकीट काढून माझ्या तोंडावर फेकलंस आणि म्हणालीस, "घाल." मला थंडी वाजेल म्हणून इतक्या वेदनेतही तुला काळजी. मला भरून आलं. मग वास आला.

आत्या, हे जाकीट किती वर्षांचं आहे? त्यात मासळी आहे, धूर आहे, मेंढी आहे, आणि खाली खोल कुठेतरी माणूस आहे. माझं एकोणीस खिशांचं जाकीट तू पहिल्याच दिवशी कपाटात घालून कुलूप लावलंस, म्हणून नाइलाजाने हेच घालून फेरी मारतो. एकाहत्तर खोपटी भरली आहेत. जेमतेम दोन हातांवरून जातो तरी एकही बाई हलत नाही. रविवारपर्यंत मी खिडकीबाहेर नाक काढलं तरी माना वर व्हायच्या. वाटतं, मलाही आता सवयीने ओळखायला लागल्या.

एक चूक सांगायची आहे. काल सतरा मे होता. राष्ट्रीय दिवस, आणि देशात बहुधा हे एकच घर झेंड्याविना. मला कसंतरीच झालं. कपाटात काकांचा झेंडा सापडला, तो मी नुसता खिडकीतून बाहेर धरला. वारा आला. तो फडफडला. एकाहत्तर बायका एकदम उठल्या. मी नऊ सेकंदांत झेंडा आत घेऊन त्यावर बसलो. एक सोडून सगळ्या परत आल्या. बेटावर झेंडा का नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या यादीत हातोडा होता, झेंडा नव्हता.

स्पर्धेला पंधरा जूनपर्यंत चित्रं पाठवायची आहेत, आणि मला त्याआधी ओस्लोला जाऊन फिल्म धुवायची आहे. पेदर चोवीस तारखेला येईल. तुझ्या जागी कोण येतंय ते कळव, म्हणजे त्याला सगळं समजावून देऊन निघतो.

लवकर बरी हो.

आइविन


हॉस्पिटल, २२ मे १९९६

आइविन,

माझं काही विशेष नाही. मुरगळलंय. इथले डॉक्टर शाळेतली पोरं आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागतो, तुझ्यासारखाच. दहा दिवसांत परत येते. तेव्हा माझ्या जागी कोण येतंय हा प्रश्नच नाही.

झेंड्याबद्दल राजाला कळलं तर राजा माफ करील. त्या करणार नाहीत. जी परत आली नाही ती कोणती? पायरीखालची नव्हे ना? पायरीखालची अकरा वर्षं येते आहे. तिला आम्ही फौजदारीण म्हणतो. ती गेली असेल तर मला सांगू नकोस.

दहा दिवसांपुरतं लिहिते. फेरी रोज एकाच वेळी, एकाच वाटेने मार. विहिरीकडून सुरू कर, होडीघराला वळसा घाल. कोपऱ्यावर वळण्याआधी दोनदा खोकायचं, म्हणजे त्या दचकत नाहीत. तीनदा नाही. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. आकाशाकडे लक्ष ठेव. समुद्रगरुड दक्षिणेच्या सुळक्यावरून येतो आणि सावली आधी येते. खोपट्याचं दार त्या सुळक्याकडे उघडत असेल तर वळव. अंथरूण भिजलं तर खालून सुकं सरकव, ती उठायची वाट बघू नकोस. आता ती सव्वीस दिवस काही खाणार नाही. तुझ्याकडे बघून चिडचिड करील. बायकांना त्या दिवसांत कोणी समजावायला जाऊ नये.

चीज संपलं असेल तर पेदर आणील.

दहा दिवस.

टोरबियोर्ग


ब्लोस्वेर, २९ मे १९९६

प्रिय आत्या,

फौजदारीण जागेवर आहे. काल मी पायरीवर जरा जोरात पाय टाकला तर खालून फुत्कार आला.

चित्र मिळालं! काल सकाळी, उत्तरेकडच्या फळ्यांच्या खोपट्यात. मी पोटावर पडून भिंग तिच्या चोचीपासून हातभर अंतरावर नेलं. कॅमेऱ्याचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून त्याला तुझा लोकरी मोजा घातला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मागे समुद्र, बर्फाचे डोंगर, आणि पुढे तिच्या छातीची पिसं वाऱ्याने हलताहेत. खोपट्याची एक फळी चौकटीत येत होती, तिच्यावर मी ओलं शेवाळ चिकटवलं. आता ते चित्र बघून कोणीही म्हणेल, माणूस या जागी कधी फिरकलाच नाही. पंधरा वर्षांत मी असं चित्र काढलेलं नाही. फिल्म पेदरबरोबर पाठवली. ओस्लोतला माझा एक मित्र धुऊन थेट स्पर्धेला देईल.

हो, फिल्म गेली, मी नाही गेलो.

कारण पेदरने मला सांगितलं. मुरगळलेलं नाही. खुब्याचं हाड मोडलंय, आत खिळा घातलाय, आणि हॉस्पिटलातून तुला वृद्धाश्रमात हलवणार आहेत. बेटावर परत जायचं नाव काढू नका असं डॉक्टरांनी तुला त्याच्यासमोर सांगितलं. तू ताकास तूर लागू दिली नाहीस. दहा दिवस म्हणे!

आणखी एक. परवा समुद्रगरुड आला. तू सांगितलंस तशी आधी सावली आली. आत्या, इतका जवळ, इतका खाली, पायांची नखं मोजता येतील असा गरुड मी आयुष्यात बघितला नव्हता. आणि मी दोन्ही हात पसरून वेड्यासारखा खडकावर नाचत होतो आणि कॅमेरा स्वयंपाकघरात होता, कारण जाकिटाच्या दोन्ही खिशांत सुकं शेवाळ भरलेलं होतं. गरुड गेला. कोणाचं अंडं गेलं नाही. त्या वेळी कॅमेऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही, हे नंतर लक्षात आलं आणि मी जरा घाबरलो.

पिल्लं समुद्रात उतरेपर्यंत थांबतो. पुढचं मला विचारू नकोस.

आइविन


वृद्धाश्रम, १ जून १९९६

आइविन,

पेदरच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं.

हो, खुबा मोडला. आणि मला खोलीही मिळाली आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. काल दिवसभरात चौदा गाड्या आल्या आणि अकरा गेल्या. मोजण्याची सवय कुठे जायची? इथे सगळे माझ्याशी मोठ्यांदा बोलतात. सत्तेचाळीस वर्षं मी कुजबुजत जगले, आता माझे कान बिघडतील.

मी खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी निघाला असतास. दहा दिवस थांबशील असं वाटलं, नंतरचं नंतर बघू म्हटलं. लबाडी होती. कबूल.

आता ऐक. बुधवारी मी येते. पेदर सकाळी घेऊन येईल आणि संध्याकाळी परत आणील. इथे सांगितलंय की दाताच्या डॉक्टरकडे जाते. माझे स्वतःचे दात संपून वीस वर्षं झाली, पण कोणी विचारलं नाही. मला एकदा बघायचंय. जास्त काही नाही, फेरीसुद्धा नको. होडी किनाऱ्याला लागली की त्या माना वळवून बघतात ना, तेवढं बघायचंय. मी आले की त्यांना कळतं. हाल्व्हदान म्हणायचा, तुझ्यात आणि त्यांच्यात काहीतरी आहे.

कॉफी करून ठेव.

टोरबियोर्ग


ब्लोस्वेर, ६ जून १९९६

प्रिय आत्या,

काल तू निघालीस तेव्हा माझ्याशी बोलली नाहीस, आणि मला तुझ्याकडे बघायचा धीर झाला नाही. म्हणून लिहितो.

वारा चुकीचा होता. ते एक कारण असणार. दुसरं, पेदरचं वल्हं खडकाला लागलं. तिसरं म्हणजे तुझ्या कुबड्या. होडीत पडलेल्या होत्या तरी चमकत होत्या. त्यांना काय कळतं कोण आलंय ते!

मी होडीघराजवळ उभा होतो. तू होडीत उभी राहिलीस, पेदरने मागून धरलं होतं, अंगात तो आश्रमाने दिलेला फिकट निळा कोट, बाहीवर चमकणारी पट्टी. आणि तू हाक मारलीस, "आले गं." सत्तेचाळीस वर्षं मारत आलीस तीच हाक असणार. आणि सगळ्या उठल्या. झेंड्याच्या वेळी उठल्या त्याहून वाईट. अंड्यांवर घाण टाकून, किंचाळत, एकमेकींवर आपटत समुद्रावर गेल्या. फौजदारीणसुद्धा पायरीखालून निघाली आणि तुझ्या डोक्यावरून गेली.

मग तू हाताने मला खूण केलीस, जा. मी वाटेला लागलो, विहिरीकडून, कोपऱ्यावर दोनदा खोकलो. आणि त्या परत यायला लागल्या. मी चालतोय आणि माझ्या दोन्ही बाजूंनी एकेक बाई चालत येऊन आपापल्या खोपट्यात बसतेय, आणि तू वीस हातांवर होडीत खाली बसलीस. कॉफी तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत दोन सोडून सगळ्या बसल्या होत्या.

एक कबुली द्यायची आहे. त्या उडाल्या तेव्हा माझ्या हातात कॅमेरा होता. तुझं येणं टिपावं म्हणून आणला होता. एक खटका दाबला गेला. तू ऐकला असशील. मला स्वतःची लाज वाटते.

रागावली असशील तर शिव्या देऊन का होईना, लिही.

आइविन


वृद्धाश्रम, १२ जून १९९६

आइविन,

वारा बरोबर होता. वल्हं पेदर रोजच आपटतो. माझी समजूत काढू नकोस, तुला ते जमत नाही.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. होडीत मी पेदरकडे पाठ केली आणि पूर्ण वाटभर रडले. तो हवामानाबद्दल बोलत राहिला, भला माणूस आहे. वाटलं होतं, मी त्यांची आहे. हिवाळ्यात सुंडवोगला एकटी असायचे तेव्हा हाच विचार करायचे, की कुठेतरी पाण्यावर शंभर-दीडशे जीव आहेत आणि त्यांना मी माहीत आहे. त्यांना जाकीट माहीत होतं.

दोन दिवस मी गाड्याही मोजल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला सासू आठवली.

ते जाकीट तिचं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूचं होतं म्हणे. एकोणपन्नास साली माझ्या लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिने ते काढून माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, "घाल." मलाही तेव्हा वाटलं, माया आहे. त्या दिवसापासून ती खोपट्यांकडे फिरकली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची आणि बघायची. मी ओल्यात, वाऱ्यात फेऱ्या मारायची आणि ही आत उबेला. सून आली तर हिने काम झटकलं, असंच मला वाटलं. नऊ वर्षं ती त्या खिडकीत बसली आणि तिथेच गेली. नऊ वर्षं मी तिच्याशी तुसड्यासारखी वागले, आणि ती गेल्यावरही मनातल्या मनात तिला बोल लावत राहिले. हाल्व्हदानलाही ऐकवायचे.

ती आळशी नव्हती रे. तिला जाताच येत नव्हतं. जाकीट माझ्या अंगात होतं.

आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी मी ते परत केलं असतं. त्यांनी मला ओळखलंय या भ्रमावर मी सत्तेचाळीस वर्षं चालले. आता तुलाही वाटतंय की तुला सवयीने ओळखायला लागल्या. अठरा तारखेच्या पत्रात लिहिलं होतंस. मी तेव्हा हसले होते.

रडून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मला एवढं हलकं वाटलं की नर्सने ताप बघितला. त्यांना मीच हवी असते, तर माझ्याबरोबर ब्लोस्वेर संपलं असतं. त्यांना जाकीट हवंय. जाकिटाला फक्त एक अंग लागतं.

पिल्लं उतरली की पिसं गोळा कर, खोपटी झाक, चूल विझव. आणि जाकीट धुऊ नकोस. तुला कितीही वास आला तरी.

तुझी आत्या


ओस्लो, २० ऑक्टोबर १९९६

प्रिय आत्या,

जूनच्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही. काय लिहायचं ते चार वेळा लिहून फाडलं. मग शाळा सुरू झाल्या आणि मी वर्गांच्या फोटोंच्या कामाला लागलो, म्हणजे निमित्तही मिळालं.

आज स्पर्धेचं पत्र आलं. माझं चित्र शेवटच्या पाचांत होतं. मग परीक्षकांनी बाद केलं. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देतो: 'इतक्या अंतरावरून इतक्या रुंद भिंगाला कोणताही जंगली पक्षी असा शांतपणे सामोरा जात नाही. सदर पक्षी पाळीव आहे याबद्दल समितीची खात्री झाली आहे.' खाली दुसरं कारण. त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं. घरट्यातल्या पिसांत निळ्या लोकरीचा एक धागा आहे. तुझ्या मोज्याचा. फळीला शेवाळ लावणारा मी, धागा मला दिसला नाही.

म्हणजे कार्यालय म्हणतं, जंगली आहेत, राखणदार कशाला? आणि परीक्षक म्हणतात, पाळीव आहेत, बक्षीस कशाला? दोघेही तज्ज्ञ. दोघांनीही बेट पाहिलेलं नाही.

पहिलं बक्षीस एका अस्वलाला मिळालं.

पुस्तक निघणार नाही. शाळांनी मात्र मला पुढच्या वर्षाचंही काम देऊ केलंय. सगळ्यांत जास्त काम मे महिन्यात असतं, शाळेचं वर्ष संपताना. जाकीट इथे बाल्कनीत टांगलंय. शेजारणीने घरमालकाकडे तक्रार केली की माझ्याकडे काहीतरी मेलंय. मी धुतलेलं नाही. पण हे मी आणायला नको होतं असं वाटतं. कोणाकडे द्यायचं ते सांग, पोचतं करतो.

आइविन


वृद्धाश्रम, ३ नोव्हेंबर १९९६

आइविन,

परीक्षकांचं पत्र मला मूळ पाठव. कार्यालयाचं पत्र मी पेटीतून काढून भिंतीला लावलंय, त्याच्या शेजारी जागा ठेवली आहे. 'पाळीव आहे याबद्दल खात्री झाली आहे' हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. ब्लोस्वेरवर राबलेल्या बायकांना इतकं मोठं प्रशस्तिपत्र आजवर कोणी दिलं नव्हतं. तुला बक्षीस गेल्याचं दुःख आहे हे समजतं, पण मला ते होत नाही, माफ कर.

आता दुसरं. फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, मला तुझ्याकडून काही नको. तेही खोटं होतं. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, आणि त्यामुळे मला मागायची रीत येत नाही. म्हणून सरळ लिहिते. जाकीट कोणाकडे द्यायचं ते मला माहीत नाही. दुसरं कोणी नाही. मार्चच्या शेवटी तू जाशील का? नाही म्हणालास तर मी रागावणार नाही. मला फार वाईट वाटेल, पण रागावणार नाही.

आणि त्या दिवशीचा खटका मी ऐकला होता. तो फोटो मला हवा. कसा का असेना.

आत्या


ब्लोस्वेर, १३ एप्रिल १९९७

प्रिय आत्या,

पेदरने तुला मी आलोय हे सांगितलं असणारच, म्हणून पत्राची घाई केली नाही. शेवाळ या वर्षी उशिरा वाळलं. एकशे चार खोपट्यांत अंथरूण झालं. पायरीखालचं दोनदा केलं, पहिलं मलाच पसंत पडलं नाही. मी शाळांना कळवलं की मेमध्ये येता येणार नाही, आणि शाळांनी मला कळवलं की मग नंतरही येऊ नका. घरमालकाला बातमी दिली तेव्हा त्याने जाकिटाकडे बघून आनंदाने हात मिळवला.

फोटो सोबत ठेवलाय. नोव्हेंबरपासून मी तो पाठवायचा टाळत होतो. किती तरी वेळा बघितला. होडीत निळ्या कोटातली तू, हात वर केलेला, आणि तुझ्या चारी बाजूंनी पंखच पंख, डोळे फाटलेले, पाणी उडालेलं. तुझ्या चेहऱ्याकडे मला अजून नीट बघवत नाही. माझ्या सगळ्या चित्रांत पक्षी जंगली दिसतात असं हे एकच चित्र आहे. स्पर्धेला चालणार नाही, मधोमध माणूस आहे. भिंतीवर त्या दोन पत्रांच्या मध्ये लाव, नाहीतर पेटीत ठेव, तुझी इच्छा.

डाव्या कोपराला जाकीट फाटलंय. तुझ्याकडे जुनी तपकिरी लोकर असेल तर पेदरबरोबर पाठव. नवी नको.

काल दुपारी पहिल्या अकरा जणी किनाऱ्यावर चढल्या. मी विहिरीकडून निघालो आणि होडीघराच्या कोपऱ्यावर दोनदा खोकलो. एकीनेही मान वर केली नाही.

तुझा,
आइविन